कोंडवाड्यातली पांढरी गाडी

मोदिरीसरांना गाडी नको होती. त्यांना फक्त गाडीतून उतरायचं होतं. हा फरक त्यांनी बायकोला, म्हणजे दिनेओला, बऱ्याच वेळा समजावून सांगितला, आणि तिने दर वेळी समजल्यासारखी मान हलवून हातातली पालेभाजी निवडणं चालू ठेवलं. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. उपमुख्याध्यापक म्हणून तेवढं अंतरही हात पाठीशी बांधून सावकाश चालावं लागायचं, तरी ते चटकन संपायचं. पण बहिणीचा धाकटा मुलगा थुसो लग्नाचा झाला होता, आणि भाच्यासाठी मुलगी मागायला मामाच जातो. मामा पुढे, बाकीचे मागे. उजाडायच्या आत मुलीच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कुणी हटकलं तर पाण्याला भोपळा मागायला आलोय असं सांगायचं, भोपळा म्हणजे मुलगी हे दोन्हीकडे ठाऊक असतंच, आणि आतून बोलावणं येईपर्यंत तिष्ठायचं. मग बोगादी, म्हणजे मुलीच्या माहेरी किती गाई द्यायच्या त्याचं बोलणं. उशीर झाला तर दंड. दंडाची बकरी की मेंढी, ते यजमानांच्या लहरीवर.

थोरल्या भाच्याच्या वेळी मंडळी मिनीबसने गेली होती. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवशी ती काही केल्या भरेना. पोचेपर्यंत ऊन पत्र्यावर चढलेलं. फाटक उघडलं दुपारी, मेंढी गेली ती गेलीच, वर मुलीचा काका सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मामा कुठे आहेत? हे तर पासिंजर दिसतात."

त्यानंतर मोदिरीसरांनी भूगोलाचे कितीतरी तास घेतले, दोनदा प्रभारी मुख्याध्यापक झाले, पण आरशासमोर टाय बांधताना अजूनही मधूनच त्यांना तो शब्द ऐकू यायचा. पासिंजर.

थुसोसाठी पाहिलेली मुलगी झीरस्ट गावाच्या पलीकडच्या खेड्यातली. तिचे मामा मोआबी म्हणजे मोठं कडक प्रकरण, असं आधीच कानावर आलेलं. तेव्हा सरांनी जाहीर केलं, की या खेपेला मामा स्वतःच्या गाडीने जाईल, वेळेवर जाईल, आणि गाडीतून उतरेल.

पगारात नवी गाडी बसेना आणि बाजारातली जुनीही बसेना. तेव्हा शेजारचे पूले मदतीला धावले. पूल्यांच्या अंगणात एक गाडी विटांवर उभी आहे. सर इथे राहायला आले तेव्हाही ती विटांवरच होती. पण ज्याला गाडी चालवावी लागत नाही त्याला गाड्यांचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे वस्तीत गाडीचा विषय निघाला की पूल्यांचा शब्द शेवटचा.

"पोलिसांच्या लिलावात जा, सर," पूले म्हणाले. "चोरीच्या सापडलेल्या गाड्या. चोर वाईट गाडी नेतच नाही. म्हणजे निवड आधीच झालेली असते."

हा मुद्दा सरांना बिनतोड वाटला. पुढच्याच आठवड्यात दोघं पोलिसांच्या कोंडवाड्यात जाऊन पोचले. तारेच्या कुंपणाआड गाड्या गुरांसारख्या दाटीवाटीने उभ्या होत्या, चाकांतून गवत आलेलं, एकीच्या टपावर मांजर पिलांना पाजत पडलेलं. एक पांढरी, चार दारांची, अंगाने धड गाडी सरांना आवडली. पूल्यांनी तिचं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं, आणि आजाऱ्याची नाडी न लागल्यासारखे सरळ झाले.

"हिला नंबर नाही."

पाटीचा नंबर नव्हताच, पण जो आत पत्र्यावर कोरलेला असतो, तोही नव्हता. त्या जागी कानशीने घासून घासून आरसा केलेला. इंजिनावर तेच. काचेच्या कोपऱ्यात तेच. एवढं मन लावून नववीच्या वर्गातल्या एकाही मुलाने आजवर फळा पुसला नव्हता, असं सरांच्या मनात येऊन गेलं.

तिथल्या सार्जंटने अनेकांना सांगून गुळगुळीत झालेल्या आवाजात समजावलं. "नंबर नाही, म्हणून कुणाची ते कळत नाही. कुणाची ते कळत नाही, म्हणून सरकारची. सरकारला नको, म्हणून तुमची."

"आणि नंबर?"

"तो आम्ही नवा देऊ. वाहन कचेरीचा कागद आणा, ठोकून देतो."

"ठोकून म्हणजे?"

"हातोड्याने," सार्जंट म्हणाला.

गाडी पिकअपला बांधून घरी आली. वस्ती बघायला जमली. दिनेओने तिच्याभोवती एक फेरी मारली, दारावर हात फिरवला आणि म्हणाली, "नंबर नाही, कागद नाही, मालक नाही. माझ्या बाबांनी तुमची एवढी चौकशी केली होती, ती उगाचच म्हणायची."

इथवर सगळं ठीक होतं. पण सरांच्या सेखोतो घराण्यात कुठलीही गोष्ट मोसिदीआत्यांच्या कानावर घातल्याशिवाय पुरी होत नाही. आत्या म्हणजे सरांच्या वडिलांची बहीण. त्यांचं नेमकं वय विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. मागणी घालायला जाताना आत्या बरोबर हव्यातच. त्या नसल्या तर पलीकडचे फाटकसुद्धा उघडत नाहीत. आत्यांना खुर्ची दिली गेली. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग पुतण्याकडे.

"हिच्या कानाला खूण नाही म्हणतात."

"आत्या, नंबर नाही. मिळणार आहे."

"चुकलेलं जनावर तुझ्या गोठ्यात आलं. कानाला काप नाही, अंगावर डाग नाही. तू काय करतोस? सकाळी उठून दूध काढतोस?"

"मी सरकारकडून विकत घेतली आहे."

"सरकारने चावडीवर नेऊन दाखवली का?"

सरकारने दाखवली नव्हती. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात काहीतरी छापलं होतं, पण बारीक अक्षर आत्यांच्या डोळ्यांना दिसत नसे, आणि म्हणून त्यांना मान्यही नसे.

"चुकलेलं जनावर आधी चारचौघांत दाखवायचं," आत्या म्हणाल्या. "ज्याचं असेल तो येऊन ओळखेल. कुणी नाही ओळखलं, की तुझं. आणि तू दुसऱ्याच्या वासरावर बसून सून मागायला निघालास होय रे? मी नाही बसायची."

सर शिकलेले होते. जनावर आणि गाडी यांतला फरक ते तासभर फळ्यावर सांगू शकले असते. पण आत्यांशिवाय बोगादी नाही, आणि खरं सांगायचं तर आत्यांचं बोलणं त्यांच्या पोटात कुठेतरी जाऊन बसलं होतं. रविवारी प्रार्थना संपल्यावर ते चर्चमध्ये उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, की कोंडवाड्यातून एक पांढरी गाडी आणली आहे, कुणाची हरवली असेल त्याने येऊन बघून जावं.

ज्या वस्तीत घरटी एक पांढरी गाडी चोरीला गेलेली आहे, त्या वस्तीत असं बोलायचं नसतं. पण हे सरांना पाद्रीसाहेब स्वतः टोपी घालून सगळ्यांत आधी बाहेर पडले तेव्हा कळलं.

दुपारपर्यंत अंगण भरलं. पूल्यांनी आपण होऊन खुर्च्यांची रांग लावली आणि कुणाला किती वेळ बघायचं ते ठरवू लागले. दिनेओने पिठाचे गोळे तळायला घेतले, कारण आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, मग तो आपली गाडी न्यायला आलेला का असेना. पाद्रीसाहेबांनी मागच्या सीटवरचा सिगारेटचा डाग बघून गाडी ओळखली. मग हा डाग तुमचा कसा, असं दिनेओने अगदी साधेपणाने विचारलं, तेव्हा त्यांना आठवलं की आपल्या गाडीत डाग नव्हता. तोच डाग खाटिकानेही ओळखला. चर्चच्या गायकमंडळाच्या बाईंनी तर डिकीत डोकं घालून वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हीच. माझ्या आईच्या मयताचे कांदे हिच्यातनंच आणलेले."

"बाई, कांदे सगळ्यांच्याच गाडीतनं येतात," पूले म्हणाले.

"असे नाही."

एक गोष्ट सरांच्या लक्षात आली आणि ती लक्षात आल्याचा त्यांना त्रासच झाला. ज्यांच्या गाडीला विमा नव्हता, त्यांना ही गाडी लांबूनसुद्धा आपली वाटत होती. आणि ज्यांना विमा मिळून चुकला होता, ते जवळ येऊन, वाकून, डोळे बारीक करूनही नाही म्हणत होते. मुख्याध्यापकांची गाडी गेली तीही पांढरीच. ते आले, फाटकातूनच हात हलवून म्हणाले, "नाही नाही, ही नव्हे," आणि चहालाही थांबले नाहीत.

पण कुणालाच काही सिद्ध करता येईना. एकाच डागाचे दोन मालक, एकाच कांद्याच्या वासाला मालक अर्धी वस्ती. दिवेलागणीला सगळे आपापल्या हरवलेल्या गाड्यांच्या आठवणी काढत, दिनेओच्या गोळ्यांची तारीफ करत घरी गेले. आत्यांनी काठी टेकली. "दाखवली. आता तुझी."

तेवढ्यात समोरच्या घरातल्या सेफुलारोमावशी आल्या. त्यांचे यजमान खाणीची बस चालवायचे. त्यांची गाडी चोरीला गेली आणि पाठोपाठ आठवड्यात तेही गेले. मावशींनी पुढचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडून लावलं.

"आमची नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या गाडीचं दार लावलं की सगळी गल्ली जागी व्हायची. बसू का जरा?"

"बसा ना, मावशी."

त्या चालकाच्या शेजारच्या सीटवर बसल्या, शाल सारखी केली, समोरच्या काचेतून सरांच्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघत राहिल्या. अंधार पडायला लागला तशा उठल्या. दुसऱ्या दिवशी विणकाम घेऊन आल्या. तिसऱ्या दिवसापासून दिनेओ त्यांचा लाल चहा गाडीतच नेऊन देऊ लागली. सरांच्या तोंडावर बऱ्याचदा काहीतरी आलं, पण मावशींनी एकदा झोपेतच डाव्या हाताने काचेची मूठ फिरवून खिडकी अर्धी खाली केली, बाजूला कुणाला तरी वारा लागावा म्हणून केल्यासारखी, आणि सरांना आपले शब्द गिळावे लागले.

आता राहिला नंबर. वाहन कचेरीच्या खिडकीत एक तरुण बसला होता. सरांनी लिलावाची पावती सरकवली.

"जुना नंबर?"

"घासून टाकलाय."

"रकान्यात काय लिहू?"

"घासून टाकलाय, असंच लिहा."

"रकाना आकड्यांचा आहे, सर. मशीन अक्षरं घेत नाही. जुना दिल्याशिवाय नवा निघत नाही."

"अहो, जुना नाही म्हणून तर नवा मागतोय."

"ते मला कळतं. मशीनला कळवायचं कसं?" तरुणाने पहिल्यांदाच मान वर केली आणि त्याचा चेहरा उजळला. "सर, मी तुमचाच विद्यार्थी. नववी ब. भूगोलात तुम्ही मला नापास केलं होतंत."

सरांनी आठवण्याचा सभ्य प्रयत्न केला.

"नकाशात नदीचं नाव लिहायचं राहिलं होतं. मी म्हटलं, सर, नाव आठवत नाही. तुम्ही म्हणालात, रिकामी जागा मला चालत नाही, काहीतरी लिहायला हवं होतंस." त्याच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता, हेच सरांना जास्त लागलं. "म्हणून सांगतोय. रिकामी जागा चालत नाही."

पोलिसांकडे गेले तर ते म्हणाले आधी कचेरीचा कागद. कचेरीत परत गेले तर खिडकी बंद, कुणाचा तरी निरोपसमारंभ. पुन्हा पोलिस. पुन्हा कचेरी. मोदिरीसर भूगोलाचे असल्यामुळे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्यांना ठाऊक होतं, पण हे प्रत्यक्ष अनुभवायला त्यांना वयाची पन्नाशी ओलांडावी लागली. शेवटी त्या विद्यार्थ्यालाच दया आली. त्याने जुन्या नंबराच्या जागी सगळे चौकोन शून्यांनी भरले, मशीनने क्षणभर विचार केला आणि ते खुशाल हो म्हणालं.

"ह्याच्यापेक्षा नदीचं नाव चुकीचं लिहिलेलं बरं," सर पुटपुटले.

"तेव्हा सांगायचंत, सर," विद्यार्थी म्हणाला.

बोगादी शनिवारी. नंबर ठोकायची वेळ मिळाली आदल्या दिवशी, शुक्रवारी. सर तात्पुरता परवाना काचेला चिकटवून गाडीत बसले तर शेजारच्या सीटवर मावशी विणत होत्या. उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. पोलिस ठाण्याच्या अंगणात सार्जंट हातोडा आणि आकड्यांचे ठसे घेऊन आला.

"ह्या कोण?"

"ह्या गाडीबरोबरच असतात," सर म्हणाले, आणि तो याहून विचित्र गोष्टी बघितलेला माणूस असल्यामुळे त्याने पुढे विचारलं नाही. ठोक बसला की मावशींच्या सुया थांबायच्या, मग पुन्हा चालू. एक आकडा जरा तिरका बसला. पण नंबर झाला. सरांनी त्यावरून बोट फिरवलं, ताज्या पत्र्याची कड बोचली, आणि त्यांना खरोखर असं वाटलं की आता कुणीही आपल्याला पासिंजर म्हणणार नाही.

शनिवारी पहाटे मंडळी निघाली. सर स्वतः चालवायला, कोट आणि टाय. शेजारी पूले, कारण बाजूचा माणूस जाणता हवा. मागे दिनेओ आणि आत्या, खांद्यावर शाली, डोक्याला रुमाल. रस्ता मोकळा होता. पूर्वेला अजून काहीच उगवलं नव्हतं. सरांच्या हिशेबाने फाटकाशी उभं राहून वर थोडी थंडीही खाता आली असती.

झीरस्टच्या अलीकडे पोलिसांनी बॅटरी हलवली. एक तरुण पोलिसबाई होत्या, टोपीखाली डोळे झोपाळलेले. त्यांनी परवाना बघितला, बॉनेट उघडायला लावलं, तिरक्या आकड्यासकट नंबर मशीनमध्ये घातला. मशीन लाल झालं.

"ही गाडी चोरीची आहे."

"होती," सर म्हणाले.

"आहे, असं दाखवतंय."

"बाई, ती सापडली. पोलिसांनीच विकली. तुमच्याच लोकांनी काल हातोडा मारला."

"मारला असेल. पण कोंडवाड्यात नोंदलेली चोरी मशीनमधून काढायला वेगळा अर्ज लागतो. तो कुणी केलेला दिसत नाही."

पूल्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून कायद्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सरांनी ते डोकं आत ढकललं. डोंगराच्या कडेला राखाडी पट्टा दिसायला लागला होता. सर त्या पट्ट्याकडे बघत होते. मागच्या खेपेलाही त्यांनी तो असाच बघितला होता, मिनीबसच्या खिडकीतून, मांडीवर कुणाचीतरी कोंबडी घेऊन.

मागच्या सीटवरून काठीचा आवाज आला.

"पोरी," आत्या म्हणाल्या, "तुझ्या बोगादीला कोण गेलं होतं? म्हणजे तुला मागायला?"

बाईंनी बॅटरी आत मारली. शाल दिसली, रुमाल दिसला, पुढचा कोट दिसला. काय चाललंय ते त्यांना कळलं. "नवऱ्याचे मामा आले होते, आजी."

"वेळेवर आले?"

बाईंनी बॅटरी खाली केली. "नाही," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं. माझे सासूसासरे अजून विसरले नाहीत."

त्या आपल्या सहकाऱ्याशी जाऊन कुजबुजल्या. परत आल्या. "गाडी मला सोडता येत नाही. तुम्हाला अडवणं मला जमणार नाही. तुम्ही चला, मी मागे येते."

आणि म्हणून मोदिरी सेखोतो, उपमुख्याध्यापक, मगर हे देवक असलेल्या कुळातले, मामा, आपल्या स्वतःच्या गाडीने उजाडता उजाडता मुलीच्या फाटकाशी पोचले, आणि त्यांच्या मागे निळा दिवा फिरवत पोलिसांची गाडी. दिवा बंद करायचं बाईंना सुचलं नाही. निळा उजेड फाटकावर, कोंबड्यांवर, पत्र्यावर, आणि खिडक्यांत एकामागून एक येणाऱ्या चेहऱ्यांवर फिरत राहिला. सर गाडीतून उतरले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे उतरणं होतं, पण ते कुणी बघितलं असेल असं त्यांना वाटेना.

मोआबीमामा खांद्यावर ब्लँकेट टाकून फाटकापाशी आले. उंच, हाडकुळा माणूस. मिशी अशी की तिलाच आधी नमस्कार करावा.

"काय हवंय?"

"पाण्याला भोपळा मागायला आलोय," सर म्हणाले.

मोआबीमामांनी निळ्या दिव्याकडे बघितलं. "मागायला, की झडती घ्यायला?"

फाटक उघडलं नाही. रीतच तशी. मंडळी उभी राहिली. पण पोलिसबाई पाहुण्यांत धरल्या गेल्या; त्यांना आधी खुर्ची आली, मग चहा आला, मग आल्याच्या सरबताचा पेला आला. आत्या त्या पेल्याकडे एकटक बघत होत्या. सूर्य चांगला वर आल्यावर आतून हाक आली.

चटईवर बसून वडीलधाऱ्यांची, कुळांची विचारपूस झाली. मग मोआबीमामांनी पुढ्यातला पंचा झटकून पुन्हा नीट अंथरला. "आता आधी त्या गाडीचं बोला. कुणाची आहे?"

"शाळेची सांगा," पूले सरांच्या कानात म्हणाले.

सांगता आलं असतं. शाळेची गाडी, पोलिसांचं संरक्षण, उलट मानच वाढला असता. सरांनी तोंड उघडलंही. पण आत्या शेजारी होत्या, आणि ज्या घरात भाच्यासाठी मुलगी मागायची त्या घरात पहिलंच वाक्य खोटं टाकायचं त्यांना जमेना. त्यांनी सगळं सांगितलं. कोंडवाडा, घासलेला पत्रा, आत्यांचं चुकलेलं जनावर, चर्चमधली दवंडी, डागाचे दोन मालक, रोज गाडीत येऊन बसणाऱ्या सेफुलारोमावशी, शून्यांनी भरलेले चौकोन. सुरुवातीला भूगोल शिकवल्यासारखं, मग मान खाली घालून. मध्येच कुणीतरी हसलं. पोलिसबाई हसत होत्या.

मोआबीमामा मात्र हसले नाहीत. "माझीही गेली होती," ते म्हणाले. "पांढरीच. झीरस्टच्या बाजारातनं. मी बटाटे घेत होतो."

सरांना मागचं सगळं आता किरकोळ वाटायला लागलं. मेंढी किरकोळ, मिनीबस किरकोळ. ह्या माणसाने आपली म्हटली, तर काय? आपण नाही म्हटलं तर मुलगी जाते, हो म्हटलं तर चोर मामा म्हणून आयुष्यभर जेवायला बसायचं. थुसो तिकडे घरी दाढी करून फोनपाशी बसला असेल.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि चटईवर, मोआबीमामांच्या पुढ्यात ठेवली.

"बघा," ते म्हणाले. "तुमची असेल तर आम्ही चालत जाऊ. फक्त मुलीचं बोलणं तेवढं वेगळं ठेवा."

पूल्यांनी घशात अडकल्यासारखा आवाज केला. दिनेओने नवऱ्याकडे बघितलं. लग्नानंतर तिने त्यांच्याकडे इतका वेळ बघितल्याचं सरांना आठवत नव्हतं.

मोआबीमामा बाहेर गेले. सगळं घर खिडक्यांशी. त्यांनी चाकाला पाय लावला, डिकीत डोकावले, सीटवरचा डाग नखाने खरवडला. आत बसले. गाडी चालू करून बाभळीच्या झाडापर्यंत नेली, वळवली, तेवढ्याच हळू परत आणली. बंद केल्यावर बराच वेळ उतरले नाहीत. मग आले, बसले, किल्ली चटईवर ठेवली.

"माझी नाही."

कुणीतरी श्वास सोडला, बहुतेक सगळ्यांनीच.

मग बोगादीचं बोलणं झालं, आणि ते नेहमीसारखंच झालं. आठ गाई ठरल्या, त्याच्याआधी बाराही ठरल्या होत्या. उशिराच्या दंडावर सरांनी घासाघीस केली. पोलिस फाटकाशी आणल्याच्या दंडावर आत्यांनी इतकी घासाघीस केली की शेवटी पोलिसबाईंनीच मध्ये पडून त्या दंडाची मेंढी निम्म्यावर आणली. अर्धी मेंढी कशी द्यायची हा प्रश्न पुढच्या भेटीवर गेला.

"आणि एक बकरी वेगळी," मोआबीमामा शेवटी म्हणाले.

"ती कशाची?" आत्या काठीकडे हात नेत म्हणाल्या.

"मी विसरलो होतो गाडीला. पार विसरलो होतो. तुमच्या मामांनी माझ्याच अंगणात मला पुन्हा आशा लावली. त्याची बकरी."

आत्या बोलायला पुढे झाल्या, पण सरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "द्यायची," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी घासाघीस न करता मान्य केलेला तो एकच दंड.

जेवणं झाली. पोलिसबाई तो चोरी काढायचा अर्ज स्वतःच करते म्हणून सांगून, मटणाचा डबा घेऊन गेल्या. मुलगी पाण्याचा भोपळा घेऊन आली आणि सगळ्यांना नमस्कार करून गेली. थुसोला फोन गेला, आणि पलीकडून इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की दिनेओला वाटलं फोन तुटला. सर बाहेर आले, तेव्हा मोआबीमामा गाडीत, चालकाच्या सीटवर बसले होते. ते उठायला लागले.

"असू द्या," सर म्हणाले आणि दुसरं दार उघडून शेजारी बसले.

दोघं समोरच्या काचेतून बाभळीकडे बघत राहिले. झाडाखाली दंडाच्या बकरीला कुणी बांधलेलं नव्हतं. ती द्यायची होती अजून.

"चढावर कशी आहे?" मोआबीमामांनी विचारलं.

"कुरकुरते जरा."

"माझी नव्हती कुरकुरत."

सरांनी पाद्रीसाहेबांच्या, खाटिकाच्या, कांद्यांच्या, मावशींच्या सगळ्या पांढऱ्या गाड्या मनाशी आठवून बघितल्या.

"चोरीला गेलेली एकही गाडी कुरकुरत नव्हती, मामा," ते म्हणाले. "मी सगळ्यांना विचारलंय."

मोआबीमामांनी मिशीवरून हात फिरवला, पुढे वाकून किल्ली फिरवली, आणि गाडी, कुणाचीही असो, पहिल्याच झटक्यात चालू झाली. "चला," ते म्हणाले, "चढ माझ्या माहितीचा आहे. ऐकू तरी."